वीज केंद्राच्या गावात उद्याचं काम

चंद्रपूरचं ऊर्जानगर, नागपूरजवळचं कोराडी आणि खापरखेडा, अकोल्यातलं पारस, भुसावळजवळचं दीपनगर, बीडमधली परळी, नाशिकजवळचं एकलहरे. ही सगळी औष्णिक वीज केंद्राच्या आधाराने वाढलेली गावं. कुणी केंद्रात कायम नोकरीला, कुणी ठेकेदाराकडे. बाकीच्यांचं पोट ट्रकवर, राखेच्या विटांवर, खानावळीवर, भाड्याच्या खोल्यांवर. त्यामुळे कोळसा जाऊन सौरऊर्जा येणार ही बातमी मुंबई-पुण्यात जितकी छान वाटते तितकी इथे वाटत नाही, आणि त्यात काही चूक नाही. हा लेख इथल्याच लोकांसाठी आहे: ठेक्यावर राबणाऱ्यांसाठी, आयटीआय करून घरी बसलेल्या मुलामुलींसाठी, प्रकल्पग्रस्त कुटुंबांसाठी आणि ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या सदस्यांसाठी.

आधी मुद्द्याचं सांगतो. स्वच्छ ऊर्जेत काम भरपूर आहे. काही प्रकारांत तर तेवढ्याच क्षमतेच्या विजेमागे कोळशापेक्षा कितीतरी जास्त हात लागतात. पण हे काम केंद्राच्या गेटवर पास दाखवून मिळणारं नाही. ते गच्चीगच्चीवर, शेताशेतात आणि तालुक्याच्या गावात विखुरलेलं आहे. ते मिळवण्यासाठी शिक्षण वेगळं, परवाना वेगळा. आणि गावाला त्यातला वाटा हवा असेल तर तो आधी, लेखी मागावा लागतो. नंतर मागितलेला वाटा मिळत नाही, हे देशात आणि देशाबाहेर दोन्हीकडे दिसलं आहे. त्याकडे पुढे येतो.

वेळ किती आहे?

उद्या सकाळी चंद्रपूरचं केंद्र बंद पडणार नाही. आजही देशातली सुमारे ७० टक्के वीज कोळशावरच तयार होते. २०२३ च्या सुरुवातीला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज कंपन्यांना २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका असं कळवलं. कोराडीला तर ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचं ठरलं आहे. म्हणून कुणी ‘दोन वर्षांत सगळं बंद’ असं सांगून घाबरवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पण दुसरी बाजूही बघा. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच कधीच बंद झाले, आज तिथे २,९२० मेगावॅटची क्षमता उरली आहे. परळीचे जुने संच इतिहासजमा झाले. याच परळीत २०१५ च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. त्या दिवसांत ठेक्यावरच्या माणसांचं काय झालं ते परळीकरांना सांगायला नको. एकलहऱ्याच्या संचांनी चाळिशी ओलांडली आहे. जुन्या संचाची वीज महाग पडते, दुरुस्ती वाढते, मग तो कमी चालवला जातो आणि ओव्हरहॉलचा ठेकाही लांबतो. केंद्र बंद झाल्याचा कागद निघायच्या कितीतरी आधी काम आटायला लागतं, आणि पहिला फटका ठेकेदाराच्या हजेरीपटावरच्या नावांना बसतो. तयारीसाठी हाताशी असलेली वर्षं हीच आहेत, केंद्र चालू असताना आणि महिन्याचा पगार येत असतानाची.

खरं काम कुठे आहे

दिल्लीतली सीईईडब्ल्यू आणि अमेरिकेतली एनआरडीसी या संस्थांनी स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्जबरोबर केलेल्या अभ्यासातले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. छतावरच्या एक मेगावॅट सौर यंत्रणेमागे सुमारे २५ माणसांना वर्षभराचं काम मिळतं. जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पात तोच आकडा साडेतीनच्या आसपास येतो आणि पवनऊर्जेत सव्वाच्या. एकाच उन्हाची वीज, पण छतावर सातपट काम. कारण उघड आहे. मोठ्या प्रकल्पात शेकडो एकरांवर एकाच साच्याची रांग लागते, यंत्रं खांब ठोकतात, काम झपाट्याने उरकतं. छतावर मात्र प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक गच्ची वेगळी, प्रत्येक ग्राहकाशी बोलणं वेगळं.

आता हे काम जवळून पाहू. मध्यमवर्गीय घरावर साधारण तीन किलोवॅटची यंत्रणा बसते. साडेपाचशे वॅटचं एक पॅनल धरलं तर सहा पॅनल. एकेकाचं वजन पंचवीस-तीस किलो, ते जिन्यावरून नाहीतर दोराने वर चढवायचं. त्याआधी गच्ची मोजायची. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या मजल्याची, झाडाची सावली दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे पडते ते पाहायचं. एका पॅनलवर पडलेली सावली त्याच्या जोडीच्या सगळ्यांची वीज खाली ओढते. मग जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं स्ट्रक्चर दक्षिणेकडे तोंड करून उभं करायचं, काँक्रीटच्या ठोकळ्यांत ते असं बसवायचं की वळवाच्या वादळात हलता कामा नये. त्यावर पॅनल, क्लॅम्प, मग डीसी केबल आणि तिचे कनेक्टर. हा कनेक्टर दाबून बसवणं दोन मिनिटांचं काम दिसतं. पण वायर नीट दाबली गेली नाही तर तो जोड तापतो, वितळतो, कधी पेटतोही. छतावरच्या आगींमागे अनेकदा असे ढिले जोड असतात. पुढे इन्व्हर्टर, दोन्ही बाजूंच्या सुरक्षा पेट्या, आणि तीन वेगळ्या अर्थिंग: डीसीची, एसीची, आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाची. शेवटी महावितरणचं नेट मीटर. पॅनलची एक गोष्ट कोळशाच्या केंद्रात काम केलेल्या इलेक्ट्रिशियनलाही नवी असते. मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारेत वीज असतेच. ती बंद करायचं बटण कुणाकडे नाही. हे डोक्यात भिनल्याशिवाय छतावर चढू नये.

तीन किलोवॅटची सव्वातीनशे-साडेतीनशे घरं झाली की एक मेगावॅट होतो. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावात तेवढी घरं सौर झाली तर पंचवीस माणसांचं वर्षभराचं काम तिथल्या तिथे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून चालू आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ग्राहकाच्या खात्यात जमा होतं. देशभर एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि त्यातून १७ लाख थेट रोजगार होतील असा सरकारचा अंदाज आहे. अंदाज कमी-जास्त होतो, पण गावात वायरमन कोण, वेल्डर कोण, गच्ची मोजून कागद भरणारा कोण, ही गरज खरी आहे. शिवाय योजनेत यंत्रणा बसवणाऱ्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. नागपूर-पुण्याचा विक्रेता प्रत्येक तक्रारीला माणूस पाठवू शकत नाही, त्याला गावातलाच माणूस लागतो. ही देखभालीची कामं धरून ठेवा. बसवायचं काम एकदाच असतं, देखभाल पंचवीस वर्षं चालते.

तीच गोष्ट सौर कृषी पंपांची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते, त्यामुळे पंप झपाट्याने बसत आहेत. पुरवठादार कंपनीने पाच वर्षं दुरुस्ती करून द्यायची असते. पण शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐका: गारपिटीत काच फुटली, कंट्रोलर बंद पडला, फोन उचलत नाहीत. यातली प्रत्येक तक्रार एखाद्या शिकलेल्या मुलासाठी काम आहे. तालुक्यात हजार पंप असतील तर दुरुस्तीला मोटरसायकलवर फिरणारी चार-सहा मुलं सहज लागतात. हंगामात पंप चार दिवस बंद राहिला तर पीक हातचं जातं. वेळेवर येणाऱ्या मुलाचं नाव पंचक्रोशीत होतं.

मोठ्या सौर प्रकल्पांबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. बांधकामाचे सहा-आठ महिने शेकडो मजूर लागतात. खड्डे, खांब, केबलचे चर, कुंपण. ते संपलं की शंभर मेगावॅटच्या प्रकल्पालाही काही डझन माणसंच पुरतात. राखण, गवत काढणं, पॅनल धुणं, दोन-चार तंत्रज्ञ, एक अभियंता. उद्घाटनाच्या भाषणात ‘हजारो रोजगार’ ऐकू आले तर विचारा: किती महिन्यांसाठी, आणि त्यानंतर किती? पवनचक्क्यांचंही तसंच. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे, सांगली, धाराशिव, बीडकडे पवनचक्क्या आहेत. तिथे टॉवरवर चढून काम करणाऱ्या तंत्रज्ञाला पगार चांगला मिळतो, पण माणसं थोडीच लागतात.

‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ हा प्रकार या दोन्हींच्या मधला. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे छोटे प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प यातला पहिला सुरू झाला. प्रकल्प छोटे आणि गावोगावी विखुरलेले असल्यामुळे राखण-देखभालीचं काम त्या त्या गावात राहू शकतं. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प असतो तिला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात. भाडं मालकाला मिळतं हे खरं, पण त्या शेतात निंदण-वेचणीला येणाऱ्या बायांचे रोज जातात. गायरान दिलं तर शेळ्या-गाईवाल्यांचं चराऊ रान जातं. ज्यांचं जातं त्यांनाच प्रकल्पातलं कायमचं काम आधी मिळालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ठराव करताना त्यांची नावं घ्या.

तुमच्या हातातलं कौशल्य कुठे चालेल

केंद्रात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला फक्त बॉयलर नाहीतर बेल्ट कळतो. तसं नसतं. स्विचयार्डात काम केलेला माणूस सौर प्रकल्पाच्या उपकेंद्रात पहिल्या दिवसापासून उपयोगाचा असतो. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले, लाइन क्लिअरन्सची शिस्त सगळीकडे एकच. कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशनमधला मुलगा मोठ्या प्रकल्पाची स्काडा यंत्रणा किंवा बॅटरी साठवणुकीचं केंद्र सांभाळू शकतो. बॅटरीची केंद्रं तर पुष्कळदा औष्णिक केंद्राच्या आवारातच सोयीची पडतात, कारण तिथे मोकळी जमीन असते आणि वीज वाहून नेणाऱ्या लाइन आधीच असतात. वेल्डर, फिटर, रिगर, हायड्रा आणि जेसीबी चालवणारे यांचं काम स्ट्रक्चर आणि उभारणीत तसंच चालतं. ज्यांनी परमिट घेऊन, बेल्ट लावून उंचीवर काम केलं आहे त्यांची सुरक्षेची सवय छतावर सोन्यासारखी. छोट्या ठेकेदारांकडच्या मुलांना ती कुणी शिकवलेली नसते.

अवघड आहे ते कोल हँडलिंगमध्ये फावडं मारणाऱ्यांचं, राख वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचं, राखेच्या वीटभट्टीवाल्यांचं. त्यांच्या कामाला सौरऊर्जेत थेट जोड नाही, आणि तशी आहे असं सांगणं म्हणजे त्यांना फसवणं आहे. बंद झालेला संच पाडणं, ॲस्बेस्टॉस आणि जुनं ट्रान्सफॉर्मर तेल नियमाप्रमाणे हलवणं, राखेच्या तलावावर माती टाकून झाडं लावणं ही काही वर्षांची कामं त्यांच्यासाठी मागता येतात. तलावात साठलेली राख उचलायचं काम तर केंद्र बंद झाल्यावरही बरीच वर्षं पुरतं. पण पन्नाशीच्या माणसाला ‘तू आता सोलर शिक’ म्हणणं बरोबर नाही. त्याच्यासाठी भरपाई आणि पेन्शनचीच मागणी करायला हवी.

ठेक्यावर असाल तर एक काम आजच करा. पीएफचा यूएएन क्रमांक चालू आहे का, प्रत्येक ठेकेदाराने पैसे भरलेत का ते पासबुकात बघा. ठेकेदार बदलला की जुना अनुभव कागदावरून पुसला जातो. प्रत्येक ठेका संपताना अनुभवाचा दाखला मागा. कामाचं नाव, कालावधी, विभाग त्यात हवा. गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, पगाराच्या पावत्या यांचे फोटो काढून ठेवा. उद्या नुकसानभरपाईची यादी बनली तर ‘मी इथे होतो’ हे सिद्ध करायला एवढंच हाताशी असेल. प्रकल्पग्रस्त दाखला वारसाच्या नावावर झाला नसेल तर तेही करून घ्या.

शिक्षण, परवाना आणि फसवणूक

सूर्यमित्र हा अभ्यासक्रम गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ मध्ये सुरू केला. सहाशे तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा, मोफत. दहावी आणि आयटीआयचा वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी यांसारखा ट्रेड झालेल्यांना तो चालतो. वर्ग वेगवेगळ्या राज्यांतल्या संस्थांत भरतात. विदर्भात जवळचा वर्ग कुठे आहे ते पुण्याच्या महाऊर्जाकडे, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे, किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा. सौर पंपांसाठी वरुणमित्र आणि पवनऊर्जेसाठी वायुमित्र असे जोडअभ्यासक्रमही आहेत. आधीपासून हाताने काम येतं पण कागद नाही, अशांनी पूर्वकौशल्याला मान्यता देणारी परीक्षा द्यावी. तिला दिवस थोडे लागतात.

पण माझं सांगणं असं की सूर्यमित्रच्या आधी, किंवा बरोबरीने, वायरमन परवाना काढा. राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ तो देतं. सौर प्रमाणपत्राने नोकरीचं दार उघडतं, परवान्याने स्वतःचं काम सुरू करता येतं. परवाना नसलेला मुलगा कायम दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर राहतो. चार-पाच जणांनी मिळून, त्यातल्या एकाकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना आणि दुसऱ्याकडे वेल्डिंगचं सामान, असा गट केला तर नोंदणीकृत विक्रेत्याकडून उपठेका घेता येतो. स्वतः विक्रेता म्हणून नोंदणी करायला बँक हमी लागते. ती पायरी वर्ष-दोन वर्षं उपठेक्याचा अनुभव घेतल्यावर चढलेली बरी. सुरुवातीला पैसे अंगावर घेऊ नका. ग्राहकाचं अनुदान त्याच्या खात्यात उशिरा जमा होतं आणि तोवर छोट्या माणसाचं भांडवल अडकून बसतं.

फसवणूक इथेही आहे. ‘सोलर कंपनीत नोकरी पक्की’ म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. मोफत सरकारी अभ्यासक्रम असताना पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार? मागच्या तुकडीतल्या मुलांचे फोन नंबर देता का? कनेक्टर, अर्थिंग आणि इन्व्हर्टरचं प्रत्यक्ष काम हाताने करायला मिळणार, की फळ्यावरच दाखवणार? जिथे छत किंवा मोकळ्या मैदानात उभं केलेलं स्ट्रक्चर नाही तिथे प्रवेश घेऊ नका.

काम सुरू झालं की उन्हाची काळजी घ्या. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्यावर त्याहून जास्त चटका बसतो. पहाटे चढायचं, अकराला खाली यायचं, दुपारी खालची वायरिंग. याला आळस म्हणणाऱ्या मालकाकडे काम करू नका.

बंद झाल्यावर नव्हे, आधी

पंजाबमधल्या बठिंड्याचं गुरू नानक देव औष्णिक केंद्र १ जानेवारी २०१८ पासून बंद झालं. कायम कर्मचाऱ्यांना दुसरीकडे सामावून घेतलं, कंत्राटी कामगार मात्र थंडीत धरण्यावर बसले. दिल्लीचं बदरपूर केंद्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झालं. ठेक्यावरची माणसं आधीच्या काही वर्षांत हळूहळू कमी होत गेली होती, म्हणून त्यांची गोष्ट कुणी फारशी ऐकलीही नाही.

दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी हे याहून शिकण्यासारखं उदाहरण आहे. म्पुमलांगा प्रांतातलं हे जुनं केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. तिथे सौर, पवन आणि बॅटरी उभारायला जागतिक बँकेने जवळपास ५० कोटी डॉलर मंजूर केले. कागदावर सगळं नीट होतं. पण केंद्र बंद पडलं आणि नवं काम उभं राहायला वेळ लागला. एस्कॉम कंपनीचे कायम कर्मचारी दुसऱ्या केंद्रांवर गेले. ठेक्यावरची माणसं, दुकानदार, खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका मागे राहिल्या. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाने नंतर अहवाल दिला, त्याचा रोख हाच की तयारी बंद होण्याच्या बरीच आधी आणि गावाला बरोबर घेऊन व्हायला हवी होती.

स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात अँडोरा नावाचं छोटं गाव आहे. तिथलं ११०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र २०२० मध्ये बंद झालं. तिथे सरकारने एक हुशारी केली. केंद्र बंद झाल्यावर त्याच्या जागी ग्रिडला वीज जोडायची जी क्षमता मोकळी झाली, ती सगळ्यात स्वस्त बोली लावणाऱ्याला देऊन टाकली नाही. त्यासाठी स्पर्धा लावली आणि गुण ठेवले स्थानिक रोजगार, स्थानिकांचं प्रशिक्षण, गावातल्या उद्योगांना वाटा यांवर. २०२२ मध्ये ती क्षमता एंडेसा कंपनीला मिळाली, पण या वचनांसकट. मला यात आपल्यासाठी फार मोठी गोष्ट दिसते. चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या लाइन, स्विचयार्ड, जमीन हे केवळ कंपनीचं सामान नाही. त्यासाठी गावांनी शेती दिली आहे, धूळ खाल्ली आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अत्यंत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी पहिल्या पाचांत होतं. त्या लाइनवर जी नवी वीज चढेल तिच्यातलं काम मागायचा हक्क या लोकांचा आहे.

ग्रामसभेत काय मागाल

‘स्थानिकांना प्राधान्य द्यावे’ असा ठराव करू नका. असे ठराव कपाटांत ढिगाने पडले आहेत आणि त्यांना कुणी बांधील नसतं. आकडा घाला. कोणत्या कामासाठी किती माणसं, कोणत्या गावांतली, किती पगारावर, किती काळासाठी, आणि त्यांना शिकवायचा खर्च कोण करणार, हे लिहा. बांधकामातलं काम आणि नंतरचं कायमचं काम वेगवेगळं लिहा. प्रकल्पाची जमीन ग्रामपंचायतीची असेल तर या अटी भाडेकरारातच घाला. खासगी जमीन असेल तर ना-हरकत देताना लेखी हमी घ्या. पॅनल धुण्याचं, गवत काढण्याचं काम महिला बचत गटाला द्या अशी मागणी करा. कोळशाच्या पट्ट्यात धूळ जास्त बसते, त्यामुळे घुग्घुस-बल्लारपूरसारख्या भागात पॅनल वारंवार धुवावी लागतात, हे काम वर्षभर पुरतं. मात्र धुण्याचं पाणी कुठून येणार ते त्याच वेळी विचारून घ्या, नाहीतर गावाच्या विहिरीवर ताण येईल.

बायकांना फक्त झाडू-पाण्याचं काम द्यायचं, असं मात्र होऊ देऊ नका. वर्धा जिल्ह्यातल्या कवठा झोपडी गावात आयआयटी मुंबईच्या मदतीने बायकांनी आधी सौर दिवे जोडले आणि मग सहकारी संस्था काढून पॅनल बनवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या बायका सोल्डरिंग करतात, तपासणी करतात, हिशेब ठेवतात. चंद्रपूरहून वर्धा काही लांब नाही. बचत गटाने एक दिवस गाडी करून जाऊन तिथल्या बायकांशी बोलून यावं. भांडवल, बाजार, कच्चा माल याबद्दल त्या जे सांगतील ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

पैशाचा प्रश्न निघेलच. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ या कोळसा खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीने तो खाणबाधित लोकांसाठीच ठेवला आहे, आणि कौशल्य विकास व उपजीविका हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. तो रस्ते आणि सभागृहांत संपतो, कारण गावांकडून तशाच मागण्या जातात. सूर्यमित्रच्या धर्तीवरचा वर्ग आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये, प्रॅक्टिकलच्या स्ट्रक्चरसकट, या निधीतून सुरू करा असा प्रस्ताव पाठवा. त्यात ठेकाकामगारांसाठी संध्याकाळची तुकडी मागा, आणि शिकत असताना बुडणाऱ्या रोजाची भरपाई मागा. पोट रिकामं ठेवून कुणी तीन महिने शिकत नाही.

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) आधीच लेखी अर्ज द्या आणि अर्जावर पोच घ्या. सभेआधी दोन याद्या तयार ठेवा. गावातले किती जण केंद्रात आणि खाणीत ठेक्यावर आहेत, वय आणि कामासकट, ही पहिली. आयटीआय, पदविका झालेले किती मुलगे-मुली घरी आहेत, ही दुसरी. या याद्या कुठल्याही सरकारी कार्यालयात आयत्या मिळणार नाहीत, त्या घरोघर फिरूनच बनतात. ठराव झाला की त्याची आणि याद्यांची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, खनिज प्रतिष्ठानकडे आणि वीज केंद्राच्या मुख्य अभियंत्याकडे द्या. तिन्ही ठिकाणी आवक क्रमांक घ्या, आणि महिन्याभराने पुन्हा जा.